लॅपटॉप किती तापला तर चालतो?

एप्रिल लागला की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक तक्रार हटकून येते : लॅपटॉप तापतोय. नवा लॅपटॉप घेतलेले घाबरून आणतात. जुनेवाले वर्षभर तसाच वापरतात आणि बंद पडल्यावर आणतात. दोघांनाही आम्ही आधी एकच गोष्ट करायला सांगतो. लॅपटॉप चालू असताना बाजूच्या किंवा मागच्या जाळीसमोर तळहात धरा. गरम वारा जोरात लागत असेल तर काळजी नको, आतली उष्णता बाहेर पडतेय. पण लॅपटॉपचं अंग चटका देतंय, फॅन ओरडतोय आणि हाताला वारा मात्र नावालाच लागतोय, असं असेल तर मशीन साफ करून घ्यायची वेळ आली आहे.

तापणं हा मुळात बिघाड नाही. तुमच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ४५ किंवा ६५ वॅट लिहिलेलं असेल. लॅपटॉप जी वीज खातो तिची शेवटी जवळपास सगळी उष्णताच होते. जोराचं काम लागलं की हा आकडा आपल्या जुन्या ६० च्या पिवळ्या बल्बच्या आसपास जातो, आणि त्या पेटलेल्या बल्बला हात लावता यायचा नाही हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. तेवढीच उष्णता इथे बोटभर जाडीच्या डब्यातून एका छोट्या फॅनला बाहेर काढायची असते.

नुसता चालू असलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे आतली मुख्य चिप, साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसवर असतो. टॅली, टायपिंग, ऑनलाइन क्लास चालू असताना तो ५० ते ७० पर्यंत जातो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम लावला की ८० ते ९५ सुद्धा होतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेक प्रोसेसरना कंपनीने ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान मर्यादा घालून दिलेली असते. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. तुम्ही म्हणता ना, 'सुरुवातीला बरा चालतो, अर्ध्या तासाने हँग होतो', ते बहुधा हेच. एवढं करूनही ताप उतरला नाही तर मशीन स्वतःला बंद करून घेतं.

बाहेरून हाताला लागतं ते अर्थातच कमी. साध्या कामात तळाची बाजू ३५ ते ४५ अंश, गेमच्या वेळी कीबोर्डचा मधला भाग ५० च्या जवळ. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप प्लास्टिकवाल्यापेक्षा जास्त गरम वाटतो, कारण धातू उष्णता लगेच हाताला देतो. तेवढ्यावरून तो खराब आहे असं समजू नका.

फॅन आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. खोली दहा अंशांनी तापली तर आतला आकडाही साधारण तेवढाच वर जातो. बेळगावची हवा एरवी थंड, त्यामुळे डिसेंबरात कुणाची तक्रार नसते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली दुपारी बसून काम केलं की तोच लॅपटॉप वेगळा वागतो.

आमच्या भागातली धूळ हा खरा विषय आहे. ती गावागणिक बदलते. वडगाव-शहापूरकडचा, मागाच्या खोलीशेजारी ठेवलेला एक लॅपटॉप आम्ही उघडला तेव्हा फॅन आणि त्यापुढच्या तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये सुताच्या तंतूंचा थर बसला होता. चिमट्याने ओढला तर वाकळेच्या तुकड्यासारखा अख्खा सुटून आला. त्या पट्ट्यांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. तिच्यावर गोधडी घातल्यावर फॅन कितीही फिरला तरी वारा जाणार कुठून? मालक सहा महिने 'प्रोसेसर गेला' समजून नवा घ्यायच्या विचारात होते. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि लेथच्या शेडमधले लॅपटॉप आले की आम्ही जास्त जपून उघडतो, कारण लोखंडाची बारीक भुकटी बोर्डावर बसली तर शॉर्ट होऊ शकतो. निपाणीच्या तंबाखू वखारीतला लॅपटॉप तर वासानेच कळतो. आणि खानापूरकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की आतली धूळ भिजून पात्यांवर चिखलासारखी थापली जाते. अशा ठिकाणी वर्षातून एकदा साफ करून घ्या. घरात, स्वच्छ टेबलावर चालणाऱ्याला दोन वर्षं हात लावला नाही तरी चालतं.

धुळीच्या जोडीला असते वाळलेली पेस्ट. प्रोसेसर आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावलेलं असतं. तीन-चार वर्षांनी ते सुकून खपलीसारखं होतं आणि उष्णता नळीपर्यंत पोहोचतच नाही. जाळी साफ असूनही मशीन तापत असेल तर पहिला संशय ह्या पेस्टवर.

गादीवर, उशीवर, चादरीवर लॅपटॉप ठेवू नका. हवा आत घ्यायच्या जाळ्या बऱ्याचदा तळाला असतात आणि गादी त्या बंद करून टाकते. महागडा कूलिंग पॅड घ्यायच्या आधी घरातला लाकडी पाट वापरून बघा. तेवढ्याने फरक पडला तर आमच्याकडे यायची गरजही नाही.

मांडीवर तासन्तास ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती. चुलीजवळ रोज बसणाऱ्या बायकांच्या पायांवर जाळीसारखे काळपट डाग पडलेले तुम्ही पाहिले असतील. गरम लॅपटॉपने मांडीवर तसेच डाग पडतात. २०१० साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाची अशी केस प्रसिद्ध केली होती. तो काही महिने रोज तासन्तास लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळत होता. भाजत नाही, फोड येत नाही, म्हणून लक्ष जात नाही. मुलांकडे विशेष बघा.

कॉलेजच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. निपाणीहून बसने बेळगावला येईपर्यंत बॅगेतच तो जागा होऊन चालू राहतो आणि उतरल्यावर बॅगेत हात घालवत नाही. प्रवासाआधी शटडाऊन करा.

उष्णतेचा सगळ्यात जास्त मार बॅटरीला बसतो. लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायच्या नसतात, म्हणून उन्हातल्या गाडीत ठेवलेला लॅपटॉप आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थोडा निवू द्या. टचपॅड वर उचलला गेलाय, टेबलावर ठेवला की मशीन डुगडुगतंय, झाकण नीट मिटत नाही, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि तसाच घेऊन या. यात आठवडाभर थांबू नका, पेट घेण्याचा धोका असतो.

घरगुती उपायांपैकी दोन आम्हाला फार महागात पडलेले दिसतात. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा मारली की फॅन नको तेवढा जोरात फिरून बेअरिंग जातं, आणि त्या हवेत पाणीही असतं. फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर आतून घाम सुटतो.

काहीच काम नसताना फॅन ओरडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून काय चाललंय ते बघा. पुष्कळदा मागे अपडेट चालू असतो किंवा ब्राउझरचे तीसेक टॅब उघडे असतात.

साफसफाई आम्ही तुमच्यासमोर करतो. आधी बॅटरीची वायर काढतो, फॅन बोटाने धरून ब्रशने धूळ काढतो, जुनी पेस्ट पुसून नवी लावतो, आणि एकच चाचणी आधी व नंतर चालवून दोन्ही आकडे बिलावर लिहून देतो. फरक पडला नाही तर कारण सांगतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आमच्याकडे उघडून घेऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. येताना अडॅप्टर आणा, पासवर्ड आठवणीत ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे.