सिलिंडरवरची तारीख एक्सपायरीची नव्हे
ठाणे-कळव्याच्या सोसायटी ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज: तारीख उलटलेला सिलिंडर फुटतो. ती तारीख खरं तर पुढच्या चाचणीची. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर, आतल्या बाजूला ‘बी-२७’ दिसलं, तर एप्रिल ते जून २०२७ मध्ये टाकी पुन्हा तपासायची. ए पहिली तिमाही, डी शेवटची. नवी टाकी १० वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी तपासतात. तारीख उलटलेली असेल तर बदलून मागा, एवढंच.

गळती बहुधा व्हॉल्व्हमधल्या रबरी वायसरपाशी, नाहीतर भेगाळलेल्या नळीतून. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिव्याचं बटण चालूही नको, बंदही नको. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन मगच १०१ लावा.