लिंक असेल त्याला दार उघडं: ऑनलाइन फायलींवरच्या परवानग्यांची पार्श्वभूमी

कोथरूड-बाणेरच्या कितीतरी सोसायट्यांत सभासदांचे फोन नंबर, मेंटेनन्सची थकबाकी, भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती हे सगळं आता गुगल ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये असतं आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या नोट्सही अशाच फिरतात. नोट्स फिरल्या तर चांगलंच. आधारची प्रत फिरणं मात्र घातक. लिंक खुली असेल तर ड्राइव्हला दोन्ही सारखंच.

सुरुवातीला असं नव्हतं. १९६१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सीटीएसएस ही प्रणाली आली. एकच संगणक अनेकजण वापरणार, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली. पुढे मल्टिक्स या संगणक-प्रणालीमध्ये प्रत्येक फाइलला कोण वाचेल, कोण बदलेल याची यादी जोडली गेली. तिच्यानंतरच्या युनिक्स प्रणालीने ते मालक, गट आणि इतर असं तीन भागांत आटोपशीर केलं. या सगळ्यात प्रश्न एकच होता: तू कोण?

वेबवर मुळात सगळं खुलं आणि बंद करायचं ते मुद्दाम. त्यासाठी सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवून नाव-पासवर्ड मागता येई. पण तो पासवर्ड बेस६४ या साध्या अक्षर-बदलाच्या पद्धतीत जात असे. ते कुलूप नव्हे, कुणीही उलगडू शकतं. एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक करून नेणारी जोडणी, नसेल तर वाटेत वाचता येतं. १९९४च्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलने साइटवरचं फोल्डर लपतं, हा गैरसमज तर आजही टिकून आहे. ती सर्च इंजिनांना केलेली विनंती आहे, शिवाय ती फाइल कुणालाही वाचता येते. लपवायच्या फोल्डरचं नाव तिथे लिहिलं की पत्ता आपणच जाहीर केला.

खरा बदल २००६नंतरचा. गुगलने रायटली हे ऑनलाइन लेखनाचं साधन विकत घेऊन डॉक्स आणलं, २०१२मध्ये ड्राइव्ह आलं. समोरच्याचं खातं असेलच असं नाही, म्हणून लिंक हीच किल्ली ठरली. लांबलचक पत्ता अंदाजाने सापडत नाही हे खरं, पण तो फुटतो: फॉरवर्डमधून, ब्राउझरच्या हिस्टरीतून, फाइलमधल्या दुसऱ्या दुव्यावर क्लिक केल्यावर त्या साइटला कळणाऱ्या रेफररमधून. मे २०१४मध्ये याच रेफररमुळे ड्रॉपबॉक्सला अनेक शेअर लिंक बंद कराव्या लागल्या. जुलै २०१८मध्ये यांडेक्स या रशियन सर्च इंजिनच्या शोधात लोकांची गुगल डॉक्स दिसू लागली. ती त्यांनीच खुली ठेवलेली होती. सप्टेंबर २०२१पासून गुगलने काही जुन्या फायलींच्या लिंकना जादा किल्ली जोडली.

म्हणून शेअरमध्ये जाऊन जनरल अ‍ॅक्सेस ‘रिस्ट्रिक्टेड’ करावा आणि माणसं ईमेलने जोडावीत. फोल्डरची परवानगी आतल्या फायलींना लागते, तेव्हा आधारच्या प्रतींचं फोल्डर वेगळंच हवं. गिअरच्या चिन्हात एडिटरना परवानग्या बदलू देणारी खूण काढावी. शीटमधलं लपवलेलं पान सुरक्षित नसतं: व्ह्यूअर प्रत काढून ते उघडू शकतो. डाउनलोड-कॉपी बंद केली तरी स्क्रीनशॉट थांबत नाही. ‘पब्लिश टू वेब’ हे तर निराळंच बटण. शेअरिंग बंद करूनही प्रकाशित पान चालूच राहतं, ते स्वतंत्रपणे थांबवावं लागतं. गुगल फॉर्ममध्ये ‘रिझल्ट समरी’ चालू राहिली तर उत्तर देणाऱ्याला इतरांची उत्तरं दिसतात.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सोसायट्यांमध्ये मात्र आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा मालकीची. पाच वर्षांनी कमिटी बदलते, फोल्डर जुन्या सचिवांच्या खासगी जीमेलवरच राहतं. सूत्रं सोपवतानाच सोसायटीच्या नावाच्या खात्याला मालकी द्यावी, त्या खात्यातून ती स्वीकारावी आणि मगच जुन्या एडिटरांची नावं काढावीत.