ग्रोनिंगनचा गॅस संपवला, वाहिन्या उरल्या

नेदरलँड्सच्या ईशान्य टोकाचा ग्रोनिंगन प्रांत आज युरोपात हायड्रोजनसाठी ओळखला जातो. पण या प्रांताला हायड्रोजनची घाई का झाली, हे समजायचं तर मागे 1959 सालात जावं लागतं. त्या वर्षी जुलै महिन्यात स्लोख्टरन गावाजवळच्या एका शेतात खोदलेल्या विहिरीला नैसर्गिक वायू लागला. साठा किती मोठा आहे हे कळायला काही वर्षं गेली. अखेर तो सुमारे 2,800 अब्ज घनमीटर भरला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या वायुसाठ्यांपैकी हा एक.

त्याआधी डच शहरांत कोळशापासून केलेला गॅस नळाने घरोघरी येत असे आणि त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजनच असे. म्हणजे हायड्रोजन या देशाच्या स्वयंपाकघरात पूर्वीही जळत होता. 1963 मध्ये गासुनी ही वहन कंपनी स्थापन झाली, देशभर वाहिन्या टाकल्या गेल्या आणि गावामागून गाव नव्या गॅसवर आलं. नैसर्गिक वायूत उष्णता जवळपास दुप्पट, त्यामुळे जुन्या शेगडीची ज्योत त्यावर नीट जळेना. कारागीर घरोघरी जाऊन बर्नर आणि नोझल बदलत, जी शेगडी जुळवून घेता येत नसे ती बदलावी लागे. तरीही 1960 चं दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळा देश नव्या इंधनावर आला होता. हा वेग कशामुळे आला, याचा विचार आज व्हायला हवा. इंधन स्वस्त होतं, ते मुबलक मिळणार याची खात्री होती आणि गिऱ्हाईक घराघरात बसलेलंच होतं.

पुढची गोष्ट क्लेशदायक आहे. वायू उपसल्याने जमिनीखालचा वालुकाश्म दबत गेला आणि भूकंप होऊ लागले. 16 ऑगस्ट 2012 रोजी हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण केंद्र जमिनीपासून जेमतेम तीन किलोमीटर खोल होतं. विटांच्या भिंतींना तडे गेले, आणि भरपाईसाठी लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. या वायूने सरकारी तिजोरीत 360 अब्ज युरोंहून अधिक भर घातली. प्रांतातल्या माणसांच्या सुरक्षिततेकडे मात्र दुर्लक्ष झालं, असा स्पष्ट ठपका संसदेच्या चौकशी समितीने 2023 मध्ये ठेवला. 1 ऑक्टोबर 2023 पासून उत्पादन थांबलं आणि 2024 मध्ये ते कायद्याने कायमचं बंद झालं.

गॅस बंद झाला, पण त्यासाठी उभारलेलं बरंच काही मागे राहिलं. ग्रोनिंगनच्या वायूत सुमारे 14 टक्के नायट्रोजन असल्याने त्याची उष्णता कमी. म्हणून देशात त्याच्यासाठी वेगळं जाळं होतं आणि जास्त उष्णतेच्या वायूसाठी वेगळं. अनेक ठिकाणी दोन-दोन वाहिन्या शेजारीशेजारी गेल्या आहेत. मागणी घटली की त्यातली एक मोकळी करता येते. झीलंड प्रांतात 2018 मध्ये अशीच सुमारे 12 किलोमीटरची जुनी गॅसवाहिनी दोन रसायन कारखान्यांमध्ये हायड्रोजन वाहण्यासाठी वापरात आली. नळ तोच राहू शकतो. व्हॉल्व्ह तपासावे लागतात आणि काँप्रेसर बहुधा नवे बसवावे लागतात, कारण तेवढ्याच घनफळात हायड्रोजनची ऊर्जा नैसर्गिक वायूच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते.

ग्रोनिंगनमध्येच झाउडवेंडिंग इथे जमिनीखाली एक किलोमीटरहून खोल मिठाच्या थरात पोकळ्या तयार करून 2011 पासून वायू साठवला जातो. तशाच पोकळीत हायड्रोजन ठेवण्याची तयारी तिथे सुरू झाली आणि 2019 मध्ये शेजारी 1 मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, बसला. किनाऱ्यावर एम्सहाफन बंदरात समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज उतरते, नॉर्वे आणि डेन्मार्कहून येणाऱ्या केबलही तिथेच. डेल्फझाइलचे रसायन कारखाने जवळच आहेत. वीज, साठवण, वाहिनी आणि गिऱ्हाईक इतक्या कमी अंतरात क्वचितच सापडतात. म्हणूनच 2020 पासून युरोपीय संघाच्या 2 कोटी युरो अनुदानातून इथे ‘हेवन’ प्रकल्प सुरू झाला. उत्पादनापासून वापरापर्यंतची साखळी एकाच प्रदेशात जोडायची, हा त्याचा हेतू.

त्याच वर्षी युरोपीय आयोगाने 2030 पर्यंत 40 गिगावॉट इलेक्ट्रोलायझरचं लक्ष्य जाहीर केलं. एम्सहाफनसाठी तर एकट्या एका प्रकल्पाने 2030 पर्यंत 4 गिगावॉटची घोषणा केली. मला हे आकडे तेव्हाही हवेतले वाटले होते. युरोपच्या लेखापरीक्षकांनीही 2024 मध्ये नोंदवलं की संघाची हायड्रोजन-लक्ष्यं भक्कम विश्लेषणापेक्षा राजकीय इच्छेवर बेतलेली होती. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला 50 युनिटांहून अधिक वीज लागते. वीज महाग असली की तो वायूपासून केलेल्या हायड्रोजनपुढे टिकत नाही, मग तो वायूचा हायड्रोजन किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडत असला तरी. त्यामुळे खरेदीचा करार होत नाही, करार नाही म्हणून कारखाना उभा राहत नाही, आणि कारखाना नाही म्हणून वाहिनीला माल मिळत नाही.

देशव्यापी हायड्रोजन जाळ्याच्या पहिल्या टप्प्याचं काम 2023 मध्ये सुरू झालं ते ग्रोनिंगनमध्ये नाही, रॉटरडॅममध्ये. तिथले तेलशुद्धीकरण कारखाने आजही मोठ्या प्रमाणावर हायड्रोजन वापरतात.