ध चा मा कुणी केला?

"सगळ्यात जुनी प्रत सापडली, म्हणजे मूळ ग्रंथच सापडला!" जुन्या पोथीची बातमी आली की हे वाक्य कुणीतरी हमखास टाकतं. परवा आमच्या व्हॉट्सअॅप गटावर पडलं आणि मला म्युन्स्टर आठवलं.

जर्मनीतल्या या शहरात विद्यापीठाचं बायबल संग्रहालय आहे. 1979 साली सुरू झालं, डागडुजीसाठी काही वर्षं बंद होतं, 2019 मध्ये पुन्हा उघडलं. हस्तलिखितांपासून छापील बायबलपर्यंतचा इतिहास तिथे मांडलेला आहे. माझा जीव मात्र त्याच्या पाठीशी असलेल्या संशोधन संस्थेत अडकलाय. कुर्ट आलांट यांनी ती 1959 साली काढली. नवा करार म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, त्याच्या ग्रीक हस्तलिखितांना अधिकृत क्रमांक इथूनच मिळतो. आजवर साडेपाच हजारांहून जास्त नोंदली गेली आहेत. मूळ लेखकाच्या हातचं त्यातलं एकही नाही, आणि थोडाफार लांब मजकूर असलेली कुठलीही दोन तंतोतंत जुळत नाहीत.

एक ओळ जवळून बघू. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल म्हणतो, आम्ही तुमच्यात 'एपिओइ', म्हणजे सौम्य होतो. काही प्रतींत तिथे 'नेपिओइ' आहे, म्हणजे तान्ही बाळं! फरक एका 'न'चा. आधीचा शब्द 'एगेनेथेमेन'. तो 'न'नेच संपतो आणि जुन्या लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, आपल्या पोथ्यांत सोडत नसत तशीच. त्यामुळे लेखनिकाकडून दोनाचा एक 'न' झाला असेल किंवा एकाचा दोन. आनंदीबाईंनी 'ध चा मा' जाणूनबुजून केला अशी आख्यायिका आहे. इथे बहुतेकदा दमलेल्या डोळ्यांनीच केला.

अशी चूक पुढच्या नकलेत उतरते, तिच्या नकलेतही उतरते. जीवशास्त्रातलं उत्परिवर्तन असंच वागतं. मग समान चुकांवरून घराणी शोधायची आणि वंशवृक्ष काढायचा. सोपं वाटतं ना? गोची अशी की लेखनिक शहाणे होते. समोर दोन प्रती असल्या की एकीतलं उचलून दुसरीत दुरुस्ती करायचे. झाडाच्या फांद्या एकमेकींत शिरल्या की वृक्ष कसला, जाळंच ते.

या जाळ्यासाठी गेर्ड मिंक यांनी म्युन्स्टरमध्ये एक पद्धत बसवली. समजा, अ आणि ब या दोन प्रती 100 जागी ताडल्या आणि 90 जागी जुळल्या. उरलेल्या 10 जागी दर वेळी वेगळं विचारायचं, कुठल्या पाठातून, म्हणजे त्या जागच्या शब्दांतून, कुठला निघाला असेल? 7 ठिकाणी अ-चा पाठ आधीचा, 2 ठिकाणी ब-चा, एक अनिर्णित. म्हणजे प्रवाह मुख्यतः अ-कडून ब-कडे, पण थोडा उलटाही. हा हिशेब संगणकावर प्रत्येक जोडीसाठी मांडायचा, त्यातून प्रत्येक प्रतीचे संभाव्य पूर्वज काढायचे आणि त्या उजेडात आधीचे निर्णय पुन्हा तपासायचे. हे वर्तुळात फिरणं नाही का? आहे थोडं. पण प्रत्येक फेरीत विसंगती उघड्या पडतात. या पद्धतीमुळे ग्रीक नव्या कराराच्या 2012 च्या संशोधित आवृत्तीत काही छोट्या पत्रांमधले तीसहून अधिक पाठ बदलले.

इथे मोजतात ते मजकुराचं वय, कागदाचं नव्हे. 1739 क्रमांकाची प्रत दहाव्या शतकातली, पण तिचा मजकूर कितीतरी जुना आहे, कारण नकलाकाराच्या पुढ्यातली प्रत फार जुन्या वळणाची होती. उलट एखादा जुनाट तुकडा गचाळ नक्कल निघू शकतो.

बायबलच्या हिब्रू भागात ठरावीक अक्षरं सोडून वाचलं की भविष्य दिसतं, असं एक खूळ नव्वदच्या दशकात गाजलं होतं. अहो, हस्तलिखितांत अक्षरं मागेपुढे होतात, मग मोजणार काय? शिवाय गणितज्ञांनी तशीच 'भाकितं' 'मोबी डिक' कादंबरीतूनही काढून दाखवली.

आणि हे काम आपल्याला परकं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली आणि 1966 मध्ये पूर्ण केली. तिचे मुख्य संपादक वि. सी. सुकथनकर बर्लिनमध्ये शिकलेले. प्रतींमधली ही सरमिसळ त्यांनाही आडवी आली होती.

छापखाना आला म्हणून ध चा मा थांबला असंही नाही. इरॅस्मस या विद्वानाने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला, तेव्हा 'प्रकटीकरण' या त्यातल्या शेवटच्या पुस्तकासाठी त्याच्याकडे एकच हस्तलिखित होतं आणि त्याचं शेवटचं पान गायब! त्याने शेवटच्या ओळी लॅटिनवरून उलट्या ग्रीकमध्ये केल्या. लॅटिनमध्ये कुणीतरी आधीच 'लिग्नो'चं, म्हणजे झाडाचं, 'लिब्रो', म्हणजे पुस्तक, करून ठेवलं होतं. ग्रीक हस्तलिखितांत तिथे जीवनाचं झाड आहे. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी जीवनाचं पुस्तक आलं आणि त्याच्या प्रतींत ते आजही तसंच छापलं जातं.