दोऱ्याला बांधलेली किल्ली आणि सायकलची सीट

रोज सायकलने कामावर जायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो : "सीटवर जेलचं कव्हर घाल." मलाही मिळाला आणि मीही घातलं. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवसापासून, पाऊण तासाच्या प्रवासात, मांड्यांच्या मधल्या भागाला मुंग्या यायला लागल्या. खड्ड्यांचे दणके मात्र पाठीत होते तसेच बसत होते. कव्हर काढलं. मुंग्या गेल्या, दणके राहिले.

तेव्हा कुठे लक्षात आलं, की "सीट टोचते" आणि "सीट आपटते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण दोन्हींवर एकच औषध शोधत बसतो.

टोचण्याचं आधी उरकून टाकू. बसताना वजन पेलायला निसर्गाने आपल्याला कटीच्या हाडांच्या तळाशी दोन गाठी दिलेल्या आहेत. कठीण बाकावर बसून थोडं पुढे-मागे डुललं की त्या बरोबर जाणवतात. सीट या दोन गाठींना आधार देईल एवढी रुंद आणि थोडी कडकच हवी. गादी फार मऊ असली की गाठी आत रुततात, गादीचा मधला भाग वर येतो आणि जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात नेमकं तिथेच दाबतो. मुंग्या येतात त्या यामुळे. म्हणजे टोचण्यावर उपाय आहे तो सीटच्या रुंदीत आणि आकारात.

आपटण्यावर उपाय म्हणजे स्प्रिंग. ही कल्पना नवी मुळीच नाही. १८६०च्या दशकात लोखंडी धावेच्या चाकांची, पुढच्या चाकाला पॅडल असलेली सायकल आली. इंग्रजांनी तिचं नाव ठेवलं 'बोनशेकर', म्हणजे हाडं खिळखिळी करणारी. तिची सीटसुद्धा एका लांब, लवचीक पोलादी पट्टीवर बसवलेली असे. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, रस्त्याचा बराचसा खडखडाट टायरने गिळला आणि सीटखालची स्प्रिंग मागे पडली. आता शहरी सायकलींवर ती पुन्हा दिसायला लागली आहे, कधी सीटखाली, कधी सीटच्या दांड्यात. जाहिरातींत "इतके टक्के धक्के शोषून घेते" असं लिहिलेलं असतं. कोणते धक्के, हे लिहिलेलं नसतं. सगळी गोम तिथेच आहे.

एक किल्ली घ्या, पाव मीटर लांबीच्या दोऱ्याला बांधा आणि दोऱ्याचं वरचं टोक चिमटीत धरा. शाळेतला लंबकच हा. एवढ्या लांबीचा लंबक सेकंदाला साधारण एक पूर्ण हेलकावा घेतो. आता हात अगदी सावकाश डावी-उजवीकडे न्या. किल्ली मुकाट हाताबरोबर जाते. मग हात बरोबर सेकंदाला एक फेरा या तालात हलवा, अगदी थोडासा. किल्ली वेड्यासारखी झोके घ्यायला लागेल, हात हलतो त्याच्या कितीतरी पट. हा अनुनाद. शेवटी हात भराभर थरथरवा. किल्ली जागच्या जागी! हात हलतोय, दोरा हलतोय, पण किल्लीला त्याची खबरच नाही.

स्प्रिंगवर बसलेला माणूस म्हणजे ही किल्ली, आणि रस्ता म्हणजे हात. आपल्याला हवी आहे ती तिसरी अवस्था.

हे नुसतं साम्य नाही, गणितही तेच आहे. वजन ठेवल्यावर स्प्रिंग जितकी दबते, तितक्या लांबीच्या लंबकाच्या तालात ते वजन वर-खाली होतं. स्प्रिंग कोणत्या धातूची, माणूस किती किलोचा, काही विचारायचं नाही. फक्त किती दबली ते सांगा. मला हा निकाल पहिल्यांदा कागदावर उतरला तेव्हा इतका आवडला होता, की दिसेल त्या खुर्चीवर मी बसून पाहत होतो. आकडेमोडही तोंडी होते : दबलेल्या सेंटिमीटरचं वर्गमूळ काढा आणि ५ला त्याने भागा. १ सेंटिमीटर दबली तर ५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५ हेलकावे. ४ सेंटिमीटर दबली तर अडीच. २५ सेंटिमीटर दबली तर १, म्हणजे आपली किल्लीच.

आता रस्त्याकडे पाहू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगात २० सेंटिमीटर लांबीच्या ठोकळ्यांच्या फरसबंदीवरून गेलात तर सेकंदाला २५ सांधे लागतात. रस्त्यावर मीटर-मीटरच्या अंतराने लाटा असतील तर सेकंदाला ५ हेलकावे. पहिल्याला आपण गुणगुण म्हणू, दुसऱ्याला गचके.

आणि शरीराचा त्रास आहे तो गचक्यांचा. बसलेल्या माणसाचं धड हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. ओटीपोट, मणक्यांमधल्या चकत्या, त्यांवर तोललेली छाती आणि डोकं, या सगळ्या मांडणीचा उभ्या दिशेतला स्वतःचा ताल ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास असतो. कंपनांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्यासाठी २६३१ क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक १९७४ साली आलं, त्यानेही ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांनाच सर्वांत त्रासदायक ठरवलं. म्हणजे मीटर-मीटरच्या लाटा धडाला नेमक्या त्याच्या तालावर झोके देतात.

मग सीट किती दबायला हवी? नियम असा, की धक्क्यांची वारंवारता सीटच्या स्वतःच्या वारंवारतेच्या १.४ पट झाली (काटेकोर बोलायचं तर २च्या वर्गमूळाइतकी) की त्यापुढेच स्प्रिंग धक्के कमी करते. त्याच्या अलीकडे ती ते वाढवते. हो, वाढवते. तुमच्या वजनाने १ सेंटिमीटर दबणारी सीट फरसबंदीची गुणगुण चोवीसाव्या हिश्श्यावर आणते आणि तुम्ही दुकानातून खूश होऊन बाहेर पडता, पण ५ हर्ट्झच्या गचक्यांवर तीच सीट अनुनादात जाते. २ सेंटिमीटरला गचका आहे तेवढाच पोहोचतो. ३ सेंटिमीटरला निम्मा. ४ सेंटिमीटरला एक तृतीयांश. (यात घर्षण शून्य धरलंय. त्याच्याकडे येतोच.)

म्हणजे ४ सेंटिमीटर घ्यावी आणि मोकळं व्हावं, असं वाटेल. पण सीटच्या दांड्यात एकूण वाव जेमतेम ४-५ सेंटिमीटरचाच असतो. त्यातले ४ नुसतं बसण्यातच गेले, तर खड्ड्यासाठी उरलं काय?

इथे दांड्याच्या तळाशी असलेला स्क्रू कामाला येतो, आणि याच्याइतका गैरसमज सायकलच्या दुसऱ्या कुठल्या स्क्रूबद्दल नसेल. "आवळा, म्हणजे स्प्रिंग कडक होईल." होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. बाहेरून स्क्रू फिरवून यातलं काहीच बदलत नाही. स्क्रू फक्त तिला आधीच दाबून ठेवतो. समजा, दर सेंटिमीटरला १५ किलो मागणारी स्प्रिंग आहे आणि सीटवर तुमचं ६० किलो वजन येतंय. (बाकीचं पॅडल आणि हँडलवर.) स्क्रू मोकळा असेल तर सीट ४ सेंटिमीटर खाली जाईल. आता स्क्रूने स्प्रिंग आधीच अडीच सेंटिमीटर दाबा. पहिल्या साडेसदतीस किलोंना सीट हलणारच नाही, उरलेले साडेबावीस किलो तिला दीड सेंटिमीटर खाली नेतील. दिसायला दीड सेंटिमीटर, पण लंबकाची लांबी मोजायची ती दीड अधिक अडीच, म्हणजे चारच. ताल अडीच हर्ट्झचा तसाच राहिला आणि ५ सेंटिमीटरच्या दांड्यात साडेतीन सेंटिमीटर खड्ड्यांसाठी शिल्लक राहिले. मऊ स्प्रिंग, आधीच दाबून ठेवलेली, ही खरी युक्ती. चारपेक्षा जास्त आवळलात तर मात्र तुमच्या वजनाला स्प्रिंग दबणारच नाही आणि तुम्ही नुसत्या नळीवर बसलेले असाल. (हा परिच्छेद एकदा वाचून डोक्यात शिरला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. मलाही कागद-पेन्सिल लागली होती.)

आता दुसरी पंचाईत. शहरात आपण मिनिटाला ६० ते ७५ वेळा पॅडल फिरवतो. प्रत्येक फेऱ्यात दोन पाय, दोन रेटे. म्हणजे सेकंदाला २ ते अडीच रेटे. अडीच हर्ट्झची सीट याच तालात बसते. गचके वाचवायला ताल खाली आणावा, तर तो आपल्याच पायांच्या तालात अडकतो आणि सीटवर माणूस पाण्यावरच्या बुचासारखा वर-खाली व्हायला लागतो. म्हणून सीट बनवणाऱ्याला पायांचे अडीच आणि पाठीचे पाच या चिंचोळ्या पट्ट्यातच बसावं लागतं. स्प्रिंगबरोबर रबर बसवलं किंवा थोडं घर्षण ठेवलं तर अनुनाद आटोक्यात राहतो, पण मग गुणगुण जास्त वर पोहोचते. फुकट काहीच मिळत नाही. सीट डुलायला लागली तर तात्पुरता उपाय सोपा आहे : एक गिअर बदला. पायांचा ताल सरकतो, डुलणं थांबतं.

घर्षण मुद्दाम ठेवलेलं असलं तर ठीक. पण नळीत नळी सरकणाऱ्या साध्या दांड्यात ते न मागता येतं. बहुतेक सायकलींत सीटची नळी जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करते, म्हणजे उभ्या रेषेपासून १७ अंश कलती असते. वजन सरळ खाली, नळी तिरपी. ६० किलोंपैकी साधारण १७ किलोंचा रेटा नळीच्या भिंतीवर आडवा पडतो आणि आतली नळी बाहेरच्या नळीला घासते. टेबलाचा ड्रॉवर एका कोपऱ्यात ढकलला की अडकतो, तसंच हे. छोट्या धक्क्यांना ही पकड सुटतच नाही, ते थेट वर येतात. यावर तोड म्हणून काही दांड्यांत नळी सरकत नाही. चार खिळींवर फिरणारा एक समांतरभुज चौकोन असतो. त्यात सीट खाली आणि मागे जाते, त्यामुळे पॅडलपासूनचं अंतरही तितकंसं बदलत नाही. वजन आणि किंमत दोन्ही जास्त, पण छोट्या धक्क्यांनाही दाद देतो.

टायरची हवा मात्र यापेक्षा आधी पाहावी. वजनाने ५ मिलिमीटर चपटा होणारा टायर म्हणजे ७ हर्ट्झची स्प्रिंग. गचक्यांसाठी ती कडक, पण गुणगुणीसाठी उत्तम, शिवाय ती हँडललाही वाचवते. सीटची कुठलीही स्प्रिंग हातांसाठी काही करू शकत नाही. तेव्हा फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद टायर, मर्यादेत राहून थोडी कमी हवा, आणि मग सीट. पुढे मोठा खड्डा दिसला तर सीटवरून किंचित उठा. गुडघ्यांइतका वाव कुठल्याच दांड्यात नसतो.

बाजारात "चुंबकीय" सीट कव्हरंही मिळतात, रक्ताभिसरण सुधारणारी. आपल्या रक्तातलं लोह चुंबकाला ओढलं जाईल अशा स्वरूपात नसतं, हे बरंच आहे, नाहीतर एमआरआय यंत्रात गेलेला माणूस बाहेर आला नसता.

माझ्याकडे साधा, नळीत नळीचा दांडा आहे. मित्राला पट्टी घेऊन शेजारी उभं केलं. सीटवर अलगद बसलो : ८ मिलिमीटर. मग दोन-चार वेळा उसळ्या मारल्या आणि स्थिर झालो : १५. माणूस तोच, स्प्रिंग तीच, मध्ये ७ मिलिमीटरची तफावत. ही सगळी घर्षणाची. दांडा काढला. आतल्या नळीवर जुन्या ग्रीसचा काळा, वाळूमिश्रित लेप बसला होता. रॉकेलने पुसून नवं ग्रीस लावलं आणि पुन्हा मोजलं : १० आणि १३. १० आणि १३च्या मधले साडेअकरा घेतले आणि त्यांत स्क्रूने आधीच दाबलेले १५ मिलिमीटर धरले तर माझा लंबक सुमारे साडेसव्वीस मिलिमीटरचा, ताल ३ हर्ट्झच्या जरा वर. फरसबंदीवरचा फरक त्याच संध्याकाळी कळला. गुडघे मात्र जरा जास्त वाकताहेत असं वाटत होतं, तेव्हा आठवलं की सीटची उंची मी न बसता मोजून लावली होती. ती १२ मिलिमीटर वर घेतली, दांड्यावरची किमान खोलीची खूण नळीच्या आतच आहे ना ते पाहून.