'माले नही जमत': अकरावी सायन्सची पहिली चाचणी

साक्री तालुक्यातला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरी अहिराणी, दहावीपर्यंत शाळा मराठीतून, आईवडील कापूस वेचायला जाणारे. धुळ्यात अकरावी सायन्सला प्रवेश मिळतो आणि फिजिक्स थेट इंग्रजीत सुरू होतं. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी पाच पडले की तो मनाशी ठरवून टाकतो: माले नही जमत. अभ्यास कुठे चुकला, हा प्रश्न उरतच नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं संशोधन नेमकं या ठरवून टाकण्याबद्दल आहे. १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्यूलर यांनी पाचवीच्या मुलांना कोडी दिली. 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड कोड्यांत अडकली, तशी ढेपाळली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकाटीने बसून राहिली.

यावरून मुलांना 'बुद्धी ठरलेली नसते, मेहनतीने वाढते' एवढं सांगितलं की झालं, असा समज पसरला. तसं नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांना हे सांगणाऱ्या उपक्रमांचा सरासरी फायदा किरकोळच निघाला. गरीब घरच्या मुलांना तो जास्त होत असावा, असे संकेत मात्र मिळाले. पुढच्याच वर्षी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर तो झाला होता. हेच सांगणाऱ्या, तासाभराहूनही छोट्या ऑनलाइन पाठानंतर दहावीत वरच्या पातळीचं गणित घेणारे ३३ वरून ३६ टक्के झाले. वाढ छोटी, पण तासाभराच्या खर्चात वाईट नाही!

२०२२ मध्ये त्याच प्रकल्पातून आणखी एक गोष्ट पुढे आली. मूल सुधारू शकतं यावर गणिताच्या शिक्षकाचाच विश्वास नसेल, तर मुलांना दिलेल्या पाठाचा गुणांवर परिणाम दिसत नाही. आपल्याकडे मात्र प्रेरणादायी व्याख्यान मुलांना आणि चहा शिक्षकांना.

'मेहनत कर' हे तर अपुरंच आहे. तो मुलगा मेहनत करतोच आहे, पाठांतराची. वर फेकलेल्या चेंडूच्या गणितात त्याने वरची दिशा धन धरली आणि गुरुत्वत्वरणही +९.८ घेतलं. पेपरवर लाल फुली मारली तर त्याला काहीच कळत नाही. 'वरची दिशा धन, मग त्वरण ऋण. इथून पुन्हा सोडव' असं लिहिलं तर त्याच रात्री करण्याजोगं काम हाती येतं. सोडवून आणल्यावर त्याचे एकदोन मार्क द्यायची सोयही हवी, नाहीतर चाचणीचा पेपर दप्तरात गेला तो गेलाच.