संध्याकाळी सातची मीटिंग

श्रावणात महिनाभर दारूला शिवत नाही, म्हणजे आपल्याला व्यसन नाही, असे समजणारी माणसे नाशिकमध्ये गल्लोगल्ली भेटतात. गटारीला मनसोक्त प्यायची, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी भक्तिभावाने पुरी करायची आणि श्रावण सरला की त्याच टेबलावर त्याच मित्रांसोबत बसायचे, हा क्रम कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षे चालतो. यातून सिद्ध होते ते इतकेच की, दारू थांबवणे आणि दारूवाचून राहणे ही दोन वेगळी कामे आहेत.

थांबवण्याचे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावे, हे आधीच सांगितले पाहिजे. दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवते आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू हा दाब गृहीत धरून उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी बंद झाली की तो जोर तसाच उरतो. त्यामुळे शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन जिवावर बेतते. सकाळी उठल्याउठल्या ज्याला घ्यावी लागते, त्याने घरच्यांच्या आग्रहाखातर किंवा शपथेच्या भरात दारू अचानक तोडू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

ही लक्षणे बहुधा आठवड्याभरात ओसरतात. खरी अडचण त्यानंतर येते. डोपामिन या मेंदूतील रसायनावर चालणारी शिकण्याची यंत्रणा दारूपेक्षा दारूच्या आधी येणाऱ्या खुणा अधिक घट्ट लक्षात ठेवते: सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळी सुटण्याची वेळ, मित्राच्या मोटारसायकलचा ओळखीचा आवाज, रस्त्यावरच्या त्या दुकानाची पाटी. पगाराच्या दिवशी यातली एखादी खूणसुद्धा पुरते, आणि त्या घटकेला सकाळी मनाशी केलेला निश्चय फारसा कामाला येत नाही.

बचत गट जसा पैशांसाठी, तसा या घटकेसाठी आधारगट. त्यांतला जुना आणि सर्वदूर पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीभाषेत ‘एए’. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारात काम करणारा एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलून सोबर राहू लागले. तिथून ही चळवळ सुरू झाली. सदस्यत्वाला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे.

पंचवटीतील एका शाळेच्या वर्गात भरलेल्या ‘ओपन मीटिंग’ला मी बसलो होतो. (ओपन म्हणजे कुणालाही खुली, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते.) फळ्यावर सतराचा पाढा तसाच राहिला होता आणि चौथीच्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे दुमडून बसली होती. एकेक जण नाव आणि ‘मी मद्यपी आहे’ एवढे सांगून बोलत होता. मध्येच कुणी टोकत नव्हते, उपदेशही करत नव्हते. एकाने सांगितले की परवा साडेसहाला पाय आपोआप गुत्त्याकडे वळले, तेव्हा त्याने ग्रुपमधल्या एकाला फोन लावला आणि समोरून उचलला जाईपर्यंत दुभाजकावर बसून राहिला. मीटिंग साडेआठला संपली, तरी फाटकापाशी चहा घेत मंडळी नऊपर्यंत रेंगाळली. मला वाटते, त्या संध्याकाळचे औषध बरेचसे या अर्ध्या तासातच होते.

याला संशोधनाचाही आधार आहे. २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या पाहणीत) २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण व्यसनमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आढळले. बोधनिक वर्तनोपचारासारख्या (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या) इतर उपचारांत ते सुमारे ३५ टक्के होते. फरक फार मोठा नाही, आणि अर्ध्याहून अधिक लोक दोन्हीकडे घसरलेच; तरीही फुकट मिळणाऱ्या उपचारासाठी तो नगण्य म्हणता येत नाही. या फायद्यामागचे एक मोठे कारण माणसाची संगत बदलणे हे आहे, असेही अभ्यासांत दिसून आले आहे. माळ घातल्यावर गावात जे घडते, त्याच्याशी हे बरेच जुळते: माळेबरोबर दिंडीही मिळते आणि आग्रह करणारे हात मागे सरतात.

म्हणूनच ग्रुप निवडताना तो किती नावाजलेला आहे यापेक्षा तो कुठे आणि किती वाजता भरतो, हे पाहावे. कामावरून घरी जायच्या वाटेवरचा आणि तलफ येते त्याच वेळेचा ग्रुप सर्वांत उपयोगाचा. सिडकोत राहणाऱ्याने नाशिकरोडची मीटिंग धरली, तर पहिल्याच पावसात ती सुटण्याची शक्यता अधिक. पत्ते आणि वेळा एएच्या भारतातील संकेतस्थळावर किंवा फोनवर मिळतात; व्यसनमुक्ती केंद्रांतील समुपदेशकांनाही त्या ठाऊक असतात. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. एका मीटिंगवरून मत बनवू नये, कारण प्रत्येक ग्रुपचा स्वभाव निराळा असतो. मीटिंगमधल्या प्रार्थनेमुळे अवघडणाऱ्या नास्तिकाने एएच्या बोलण्यात देवासाठी येणाऱ्या ‘उच्चशक्ती’ या शब्दाचा अर्थ ग्रुप असाच घेतला, तरी कुणी हरकत घेत नाही.

घरातील बायको, आई किंवा मुलांसाठी अल्‌-अ‍ॅनॉन नावाची वेगळी संघटना १९५१ पासून आहे. तिच्या मीटिंगला जायला पिणारा माणूस तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.